संकटात विश्वास टिकवायचा तर क्रम चुकवू नका

घरात मोठं संकट आलं की आपल्यातली बरीच माणसं शेवटचं काम पहिल्या दिवशी करायला जातात. आय.सी.यू.च्या बाहेर बसलेली असतात, सकाळपासून पोटात अन्न नसतं आणि उपकारस्तुती सुरू होते, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की कुरकुर केली तर विश्वास कमी पडतो. तिसऱ्या आठवड्यात प्रार्थनेतला आवाज जातो. तिसऱ्या महिन्यात रविवारची उपासना सुटते. त्यानंतर कुणी भेटायला गेलं की दार उघडतात, पाणी देतात आणि म्हणतात, "ताई, बसा. पण प्रार्थना नको."

इंदूरमध्ये बायकांच्या प्रार्थनासभेबरोबर मी कित्येक वर्षं घरोघर जाते आहे. सुदामानगर, लोकमान्यनगर, छावणी, पलासिया अशा सगळ्या भागांतल्या घरांत हे वाक्य ऐकलं आहे. ज्यांनी ते म्हटलं त्यांचा विश्वास लहान होता असं मला एकदाही वाटलं नाही. त्यांचा क्रम चुकला होता. कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हे पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, अगदी स्पष्ट आहे. ते खाली टप्प्याटप्प्याने देते आहे.

### तयारी: चार वस्तू जवळ ठेवा

एक वही. एक पेन. रुग्ण घरात असेल तर औषधांची यादी, वेळेसकट. आणि तुम्ही ज्या भाषेत रडता त्या भाषेतलं पवित्र शास्त्र.

शेवटची गोष्ट इथे मुद्दाम लिहिते. इंदूरमध्ये आपली उपासना बहुधा हिंदीत होते, मुलंही हिंदी सहज वाचतात, म्हणून घरातलं मराठी शास्त्र कपाटात जातं. संकटात मात्र माणूस आईच्या भाषेत बोलतो. ते कपाटातून काढून उशाशी ठेवा. हिंदी उपासनेत सांगितलेला संदर्भ घरी सापडत नाही अशी तक्रार नेहमी येते, तर नावं जुळवून घ्या: भजन संहिता म्हणजे आपली स्तोत्रसंहिता, अय्यूब म्हणजे ईयोब, एलिय्याह म्हणजे एलीया, सभोपदेशक म्हणजे उपदेशक, इब्रानियों म्हणजे इब्री लोकांस पत्र. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

### १. आधी खा, झोपा, औषध घ्या

एलीया संदेष्टा जीव मुठीत धरून रानात पळाला आणि झुडपाखाली बसून म्हणाला, "परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे." ही गोष्ट शास्त्रातल्या १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे. देवाने त्याला त्या क्षणी उपदेश केला नाही. तो झोपला. देवदूताने त्याला उठवलं, उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा होता. त्याने खाल्लं आणि परत झोपला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवून परत खायला लावलं. त्यानंतर चाळीस दिवसांची वाट चालून तो होरेब डोंगरावर पोचला आणि तिथे ती शांत, मंद वाणी त्याने ऐकली. दोन जेवणं, दोन झोपा, मग वाणी. हा क्रम देवाने लावलेला आहे.

माझ्या घरी संकट आलं तेव्हा मी हा अध्याय पाठ असूनही विसरले. मला साखरेचा त्रास आहे. तरी तीन दिवसांचा उपास धरला. दुसऱ्या रात्री हॉस्पिटलच्या जिन्यावर चक्कर येऊन पडले. यांच्या उशाशी बसायचं राहिलं, मलाच सलाईन लागलं आणि मुलीला दोन खाटांमध्ये धावावं लागलं. तेव्हापासून मी कुणाच्याही घरी गेले की प्रार्थनेआधी विचारते, "जेवलात का?"

पहिल्या तीन दिवसांत एवढंच करा: दोन वेळा साधं जेवण, पाळीने झोप, आपली स्वतःची औषधं वेळेवर. प्रार्थना एका वाक्याची पुरे. "प्रभू येशू, दया कर" एवढंच.

सावध: साखर, रक्तदाब, फिट किंवा मनाच्या आजाराची गोळी प्रार्थनेच्या भरात बंद करू नका. कुणी सभेत सांगितलं म्हणूनही नाही. औषध बदलायचं ते डॉक्टरांना विचारून.

सावध: जीव द्यावा असं मनात येत असेल तर ते पाप झालं म्हणून लपवू नका. एलीयानेही मरण मागितलं होतं. घरातल्या एकाला लगेच सांगा आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि रात्रीही कुणीतरी उचलतं.

### २. मोठे निर्णय आणि नवस थांबवा

पहिला महिनाभर तीन गोष्टी टाळा: घर किंवा दागिना विकून दान देणं, मंडळी (आपलं चर्च) सोडणं आणि नवस बोलणं. उपचारासाठी विकावं लागलं तर ती वेगळी बाब, तो निर्णय घरच्यांसोबत बसून घ्या.

नवसाबद्दल थोडं अधिक. "मुलाचं ऑपरेशन नीट झालं तर इतके हजार देईन" असं आपण बोलून जातो, कारण आजूबाजूला सगळीच बोलतात. उपदेशक ५ मध्ये सांगितलं आहे की नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेला बरा. मी कर्ज काढून नवस फेडणारी घरं पाहिली आहेत आणि फेडता आला नाही म्हणून उपासनेला यायची लाज वाटणारीही. बोलून गेला असाल तर पाळकसाहेबांना भेटून मोकळेपणी सांगा. प्रभूने आपल्याला किंमत लावून बरं केलेलं नाही. सुवार्तेत तो ज्यांना बरं करतो त्यांच्याकडे पैसे मागत नाही.

### ३. गाऱ्हाणं मांडा

हा टप्पा लोक सर्वात जास्त वगळतात आणि पुढचं बरंचसं इथेच बिघडतं. देवापुढे तक्रार करणं म्हणजे अविश्वास, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. पण स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं चाळा, त्यांतली कितीतरी नुसती गाऱ्हाणी आहेत. विलापगीताचे पाच अध्याय तर एका उद्ध्वस्त शहराचा आक्रोश आहेत. वधस्तंभावर प्रभूच्या तोंडी २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ होती: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याकडे कुणी गाऱ्हाणं नेत नाही.

शिकायला स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत "किती वेळ?" हा प्रश्न चारदा येतो. तिसऱ्या-चौथ्यात मागणं येतं आणि शेवटच्या दोनांत भरवसा. त्यावरून वहीत असं लिहा:

अ) हाक. देवाला थेट बोलवा. "देव असं का करतो" असं त्याच्याबद्दल लिहू नका, "प्रभू, तू" असं लिहा. माझ्या मते सगळ्या टप्प्यातली महत्त्वाची गोष्ट हीच. रागाने का होईना, तोंड त्याच्याकडे असलं पाहिजे.

आ) गाऱ्हाणं. नेमकं लिहा. "फार त्रास आहे" हे गाऱ्हाणं झालं नाही. नमुना म्हणून हे पाहा: "प्रभू, दुकान बंद होऊन पाच महिने झाले. भाडं थकलं आहे. घरमालक दारात उभा राहिला की मुलं आतल्या खोलीत जातात. तू हे पाहतोस ना? मग गप्प का?"

इ) मागणं. एकच मागणं, या आठवड्यापुरतं. "या महिन्याचं भाडं निघू दे" असं. आयुष्यभराचं एकदम मागितलं की मन तिथेच थकतं.

ई) भरवसा. इथे घाई करू नका. आज एवढंच लिहिता आलं की "तरी मी तुझ्याशीच बोलतो आहे", तर तेवढंच लिहा. तेही आलं नाही तर जागा मोकळी सोडा आणि खाली तारीख घाला. स्तोत्र ८८ शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटचा शब्दही अंधाराचाच आहे, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तुमचं कोरं पानही प्रभूला चालेल.

लिहिता येत नसेल, हात थरथरत असेल, तर मोठ्याने बोला आणि घरातल्या दुसऱ्याला लिहायला सांगा. आमच्याकडच्या एक आजी नातवाला सांगून लिहून घेत. नातू मराठी शब्द हिंदी वळणाने लिहायचा, आजी तो कागद शास्त्रात ठेवत.

नेहमीच्या चुका: गाऱ्हाणं देवाऐवजी व्हॉट्सॲप ग्रुपवर मांडणं. "पण तुझी इच्छा" हे शब्द गाऱ्हाणं पूर्ण होण्याआधीच घालून ते दाबून टाकणं. गेथशेमाने बागेत प्रभूनेही "माझा जीव अति खिन्न झाला आहे" हे शिष्यांना आधी सांगितलं, प्याला टळावा असं पित्याकडे मागितलं, आणि मग "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हटलं. तीच प्रार्थना त्याने तीन वेळा केली.

पडताळा: लिहिलेलं पान वाचून पाहा. तुमच्या शेजारणीला ते वाचून तुमचं संकट नेमकं कळेल का? कळत नसेल तर अजून गाऱ्हाणं मांडलेलं नाही, नुसते प्रार्थनेचे नेहमीचे शब्द लिहिले आहेत.

### ४. रोजची दहा मिनिटं एखाद्या कामाला बांधा

संकटात पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करण्याचा संकल्प करू नका. आठवडाभरात मोडतो आणि मोडला की अपराधी वाटतं. त्यापेक्षा दहा मिनिटं रोजच्या अशा कामाला बांधा जे चुकतच नाही. सकाळचा चहा उकळेपर्यंत, किंवा हॉस्पिटलात सकाळचे डॉक्टर येऊन गेल्यावर. कामाला बांधलं की वेळ आठवावी लागत नाही.

वाचन सात दिवसांचं ठेवा आणि तेच परत परत वाचा: सोमवारी स्तोत्र १३, मंगळवारी ४२, बुधवारी ७७, गुरुवारी ८८, शुक्रवारी १३०, शनिवारी १२१, रविवारी २७. पहिली चार जड आहेत, ती मुद्दाम आधी ठेवली आहेत. १३० आणि १२१ प्रत्येकी आठच वचनांची, दमलेल्या माणसाला झेपणारी. २७ चं शेवटचं वचन धीराने परमेश्वराची वाट पाहायला सांगतं, म्हणून ते रविवारी.

वाचायचं मोठ्याने. वाचून झाल्यावर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन येत असेल तर एक कडवं म्हणा. नाही आलं तर गप्प बसा.

सावध: स्तोत्र ८८ रात्री एकट्याने वाचू नका. दिवसा वाचा, कुणीतरी घरात असताना.

### ५. दोन माणसं निवडा

सगळ्या मंडळीला सगळं सांगायची गरज नाही. दोघं पुरे. एक ऐकणारं माणूस आणि एक कामाचं माणूस. ही दोन कामं एकाच माणसावर टाकली की ते माणूस महिन्याभरात फोन उचलेनासं होतं. दोष त्याचा नसतो.

ऐकणारं माणूस कसं ओळखायचं? ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांनी पाहिलं होतं. तोवर ते उत्तम मित्र होते. बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. तुम्ही पाच मिनिटं बोललात तर जे माणूस मध्येच स्वतःच्या आत्याची गोष्ट काढत नाही, ते निवडा.

कामाच्या माणसाला मोघम सांगू नका. "प्रार्थनेत आठवण ठेवा" म्हटलं की लोक प्रार्थना करतात आणि ते चांगलंच आहे, पण डबा कुणी आणत नाही. नेमकं मागा: "मंगळवारी दहा ते बारा हॉस्पिटलात बसाल का? मला बँकेत जायचं आहे." इंदूरच्या एम.वाय. या सरकारी हॉस्पिटलात धार-झाबुआकडून आलेली माणसं आळीपाळीने रुग्णाजवळ बसतात, ते पाहा. लढाई चालू असताना मोशेचे वर धरलेले हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी धरले, त्याआधी त्याच्याखाली बसायला दगड ठेवला. निर्गम १७ मधली ही हकिकत मला फार आवडते, कारण दगड ठेवणं हीसुद्धा त्या दिवशीची सेवा होती.

सावध: नवरा, सासर किंवा कुणीही मारहाण करत असेल तर "धीर धरा, तुमचा वधस्तंभ वाहा" हा सल्ला स्वीकारू नका. मार सहन करत राहणं म्हणजे विश्वासात टिकणं नव्हे. आधी सुरक्षित जागी जा. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. प्रार्थना तिथे पोचल्यावरही करता येते.

### ६. रविवार सोडू नका, पण हलका करा

उपासना सुटते ती बहुधा विश्वास गेला म्हणून नव्हे. लोकांचे प्रश्न नको वाटतात. "आता कसं आहे? रिपोर्ट काय आला?" चाळीस जणांना चाळीस वेळा सांगायचं म्हणजे शिक्षाच. त्यावर उपाय साधा आहे. पहिलं गीत सुरू झाल्यावर आत या, शेवटच्या बाकावर बसा, आशीर्वाद झाला की चहा-पोह्यांना न थांबता निघा. पाळकसाहेबांना आधी फोन करून तसं सांगून ठेवा, म्हणजे कुणाला शिष्टपणा वाटणार नाही.

गाता आलं नाही तर गाऊ नका. तुमच्या वाटचं शेजारचे गातील. मंडळी असते ती यासाठीच. मार्क २ मध्ये पक्षघाती माणसाला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलं तेव्हा येशूने "त्यांचा विश्वास" पाहिला, असं लिहिलं आहे. काही रविवार दुसऱ्यांच्या विश्वासावर यायचं असतं.

प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत वाटली जाणारी भाकर आणि द्राक्षरस, चुकवू नका. "मनात राग आहे, मी कसा घेऊ?" असं विचारणारे खूप. राग देवापुढे मांडून या आणि घ्या. प्रभूला अटक झाली त्या रात्री शिष्य पेत्राने त्याला नाकारायच्या आधी त्याच्याच मेजावर भाकर घेतली होती.

नेहमीची चूक: चमत्काराच्या शोधात एका महिन्यात पाच सभा फिरणं. प्रत्येक ठिकाणी नवं तेल, नवा उपास, नवा सल्ला मिळतो आणि माणूस थकतो. याकोब ५ मध्ये आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ सेवकांना, घरी बोलवावं असं सांगितलं आहे. चालायचं काम आजाऱ्याचं नाही, वडिलांचं आहे. त्यांना बोलवा.

### ७. "का?" हा प्रश्न इथे घ्या

हा प्रश्न पहिल्या दिवशी येतो, पण त्याच्यावर बसून विचार करायची वेळ ही. तोवर पोटात अन्न आहे, गाऱ्हाणं मांडून झालं आहे, दोन माणसं सोबत आहेत.

आधी हे पाप-शिक्षेचं गणित बाजूला काढा. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? प्रभू म्हणाला, याचंही नाही आणि आईबापांचंही नाही (योहान ९). शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांहून जास्त पापी होती असं समजू नका, हेही त्यानेच सांगितलं (लूक १३). दारू, जुगार, फसवणूक असं उघड कारण असेल तर ते मान्य करा, क्षमा मागा, भरपाई करा. तसं काही नसेल तर जुनी पापं उकरत बसू नका.

पुढचं उत्तर मिळेलच असं मी म्हणणार नाही. ईयोबालाही त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, देव भेटला. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला, "माझी कृपा तुला पुरे आहे" हे शब्द मिळाले.

### ८. संकट लांबलं तर महिन्याची पाहणी

पहिल्या पंधरा दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं. तीन महिन्यांनी कुणी येत नाही. खरा कठीण काळ तोच. महिन्यातून एकदा वही उघडा आणि तीन गोष्टी पाहा. मी अजून देवाशी बोलतो आहे का, रागाने का होईना? महिन्याभरात एकदा तरी उपासनेला गेलो का? दोघांपैकी एकाला तरी या आठवड्यात फोन केला का?

यांतल्या दोन प्रश्नांचं उत्तर "नाही" असं आलं तर नवीन संकल्प करू नका. सरळ पहिल्या टप्प्यावर या: जेवण, झोप, औषध. तिथून परत सुरू. असं तीन-चारदा मागे यावं लागतं. मार्क ९ मधल्या बापाने मुलासाठी एवढंच म्हटलं होतं की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. त्या अर्ध्या प्रार्थनेवर मुलगा बरा झाला.

### ९. साक्ष सर्वात शेवटी

रिपोर्ट यायच्या आधी "प्रभूने बरं केलं" अशी साक्ष मंडळीपुढे दिली जाते, मग आजार उलटतो आणि त्या घराला तोंड लपवावं लागतं. थांबा. रिपोर्ट हातात येऊ द्या, ताप उतरून महिना होऊ द्या. आणि बरं झालं नाही, माणूस ख्रिस्तवासी झाला, तरी साक्ष देता येते. तेव्हा वहीतलं एखादं पान, तारखेसकट, जसंच्या तसं वाचा. भरवशाची कोरी सोडलेली जागाही लोकांना दाखवा.

### दुसऱ्याच्या घरी जाणार असाल तर

फोन करून जा. खिचडीचा डबा न्या. वीस मिनिटं बसा. "प्रभूची इच्छा", "याहून वाईट झालं असतं" आणि "विश्वास ठेवा" ही तीन वाक्यं चपलांसोबत दाराबाहेर ठेवा. शास्त्र पिशवीत असू द्या, त्यांनी म्हटलं तर काढा आणि स्तोत्र १२१ वाचा, त्याहून जास्त नको. निघताना रिकामा डबा मागून घेऊ नका. तो तिथेच राहू द्या आणि पुढच्या आठवड्यात तो आणायला म्हणून परत जा.